भरली गाडी, रिकामी गाडी

मापाच्या बाबतीत माझ्याशी कुणी पैज लावू नये. लावली तर हरेल, आणि मग माझ्याबद्दल वाईटसाईट बोलत फिरेल. एकतीस वर्षं मी मोजणी कार्यालयात काढली आहेत. या गावात अशी एक भिंत नाही जिला माझी फीत लागली नाही, आणि असे दोन सख्खे भाऊ नाहीत ज्यांचं मी केलेल्या मोजणीनंतर वाजलं नाही. भाऊ चुकले असतील. फीत चुकलेली नाही!

जगातली निम्मी दुःखं 'अंदाजे' या एका शब्दानं आणली आहेत, असं माझं ठाम मत आहे. सुतार अंदाजे ठोकतो, गवंडी अंदाजे रचतो, आणि आमचे साडूभाऊ तर आख्खा संसारच अंदाजे करतात. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. लाकडाची वखार आहे त्यांची. समोर ओंडका आला की एक डोळा मिटतात, ढेरीवर हात ठेवतात आणि म्हणतात, "सव्वाअकरा फूट." झाली मोजणी! आणि गिऱ्हाईकही मान डोलावतं! एकदा न राहवून मी मागाहून गुपचूप फीत लावून पाहिली. सव्वाअकराच भरलं. योगायोग, दुसरं काय!

तर अशा या माणसानं एकदा आमच्या गॅरेजाकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "साडूभाऊ, यात सायकल बरी."

सायकल!

त्याच वर्षी मी गाडी घेतली. लहानसहान नव्हे, सात माणसांची. काळीभोर, हत्तीसारखी. दुकानातला विक्रेता म्हणाला, "साहेब, घरी जागा आहे ना?" मी त्याच्याकडे असं बघितलं की बिचाऱ्यानं गळ्यातला टाय सरळ केला.

आता गॅरेजाबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं आख्यान तिथेच घडणार आहे. माझ्या वडिलांनी ते बांधलं तेव्हा गाड्या आगपेटीएवढ्या असायच्या. रुंदी सात फूट पाच इंच. तोंडाला लोखंडी शटर, आणि ते वर गुंडाळलं की त्याचं जाडजूड वेटोळं दारावर लोंबतं. आतलं छत मात्र चांगलं उंच. वडिलांची गाडी मोडीत गेली तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, तिथे माझ्या बायकोचं शिवणकाम चालतं. दोन मशीन, एक कापणीचं टेबल, भिंतीला दोऱ्यांच्या रिळांच्या ओळी. अकरा वर्षं ती लोकांच्या उसवलेल्या चेनी बसवत होती, लांब पँटी आखूड करत होती. आणि आता कुठे इस्पितळाच्या मेट्रनबाईंनी विचारलं होतं, सगळ्या नर्सांचे गणवेश वर्षभर शिवाल का? मात्र त्याआधी त्या स्वतः येऊन जागा बघणार होत्या, नमुन्याचा एक गणवेश बघणार होत्या. वार रविवार, संध्याकाळी पाच.

गाडी शनिवारी घरी येणार होती.

"अहो, गाडी घेतलीत, पण ठेवणार कुठे?" बायकोनं विचारलं.

"गॅरेजात. गाडी ठेवतात त्या जागेला गॅरेज म्हणतात."

"आणि मी?"

"मागचा व्हरांडा आहे की! कसा हवेशीर!"

"मशीनला हवा लागत नाही. उजेड लागतो, आणि डोक्यावर छप्पर लागतं. तुमच्या व्हरांड्यात दोन्ही नाही."

मी मोठ्या मनानं तोडगा काढला. "असं करू. रविवारी गाडी आत घालून बघू. नाही गेली, तर गॅरेज कायमचं तुझं. गेली, तर व्हरांडा."

"आणि मेट्रनबाई?"

"अगं, दहा मिनिटांत आत, दहा मिनिटांत बाहेर! पाचच्या आत तुझं टेबल जागच्या जागी. मेट्रनबाई जागा बघून जाऊ देत, मग सोमवारपासून गाडी आत."

"म्हणजे त्यांना दाखवायचं गॅरेज, आणि शिवायचं व्हरांड्यात?"

मी लगेच फीत शोधायला गेलो. दोनच टाके मारायचेत म्हणून सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ती जसं बघते, तसं माझ्या पाठीकडे बघत होती.

शनिवारी संध्याकाळी गाडी दारात उभी राहिली आणि अर्ध्या तासात सासरची मंडळी हजर! सासूबाई, मेहुणी आणि साडूभाऊ. सासूबाई त्यांच्याकडेच राहतात, त्यामुळे तिघं एकत्र येतात आणि एकत्र मतं देतात. तिघंही सरळ गाडीत जाऊन बसली. बायकोलाही मेहुणीनं हात धरून आत ओढलं. गार हवा सुरू झाली, आणि मंडळी अशी रुतून बसली की कीर्तन संपून दक्षिणेचं ताट फिरलं तरी जागचे न हलणारे श्रोते बरे!

"उतरा जरा," मी म्हणालो. "मला गाडी मोजायचीय."

"जावईबापू, या गार वाऱ्यानं माझा गुडघा तीन महिन्यांत पहिल्यांदा गप्प बसलाय," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही मोजा. मी तुमच्या मधे येत नाही."

साडूभाऊंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आम्ही उतरतो की, साडूभाऊ. रिकामी मोजलेली बरी."

बघा! मला! एकतीस वर्षं फीत धरणाऱ्या माणसाला, वखारवाला शिकवणार!

"बसा हो तुम्ही," मी म्हटलं. "आत माणसं बसली म्हणून गाडी लांबरुंद होते की काय? ओंडका नाही हा, यंत्र आहे!"

आणि मी मोजली. आरसे मिटून रुंदी सहा फूट तीन इंच. म्हणजे दोन्ही बाजूंना सात-सात इंच मोकळे. उंची, बरोब्बर टपाच्या माथ्याला फळी आडवी धरून, पाच फूट साडेदहा इंच. शटरच्या वेटोळ्याखालची उंची पाच फूट अकरा. अर्धा इंच शिल्लक! अर्धा इंच म्हणजे चार सूत, आणि चार सुतांत मी आयुष्यात काय काय बसवलेलं आहे ते माझ्या कार्यालयात विचारा.

रविवारी दुपारी दोनला आम्ही मशीन आणि टेबल उचलून अंगणात आणून ठेवली. रिळांच्या ओळी उतरवल्या. बायकोनं जाताजाता रिकामं गॅरेज झाडूनही काढलं. सवय!

सासरची मंडळी जेवून-खाऊन परत आली होती, कारण गाडीचा गृहप्रवेश त्यांना चुकवायचा नव्हता. पुन्हा सगळी आत चढली. शेवटी बायको आली. म्हणाली, "हरायचंच असेल तर आत बसून हरते."

बाहेर उभे राहून हाका द्यायचं काम शेजारच्या घड्याळजींकडे दिलं. हे घड्याळं दुरुस्त करतात, शरीरानं सेकंदकाट्याइतके आहेत, आणि डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर चढवूनच हिंडतात. मुंगीच्या चालीनं जगाकडे बघणारा माणूस! पण रविवारी दुपारी दुसरं कोण मिळणार?

"येऊ द्या!" घड्याळजी ओरडले. "येऊ द्या... डावीकडे एक केस... येऊ द्या..."

"केस?" मी खिडकीतून ओरडलो. "केस हे माप आहे का?"

"आमच्यात आहे!"

भिंती दोन्ही बाजूंनी सरकत आल्या. मेहुणीनं डोळे मिटले. सासूबाईंनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली, आणि तेही अशा सुरात की जणू माझी शेवटची वेळ आली आहे. आणि शटरचं ते वेटोळं डोक्यावरून असं अलगद गेलं की काय सांगू! चार सूत! बरोबर चार सूत! गाडी आत. पूर्ण आत. मी हँडब्रेक ओढला आणि वळून बघितलं.

"काय साडूभाऊ? सायकल?"

साडूभाऊ दिलदारपणे हसले. "मानलं बुवा. चला, उतरू."

आणि त्यांनी दार उघडलं. दार सात इंच उघडलं. ठक्क!

मेहुणीनं आपल्या बाजूचं उघडलं. ठक्क!

सगळ्यांनी त्या सात इंचांच्या फटीकडे बघितलं. मग बायको शांतपणे म्हणाली, "गाडीचं माप घेतलंत. माणसांचं राहिलं."

"डिकी आहे की!" मी म्हणालो. असल्या प्रश्नांना मी घाबरत नाही. "मागून उतरायचं. परदेशात असंच उतरतात."

"कुठल्या परदेशात?" साडूभाऊंनी विचारलं.

घड्याळजींनी डिकीचं दार उचललं. ते निम्म्यावर जाऊन शटरच्या वेटोळ्याला टेकलं आणि थांबलं. राहिली ती फट मांजराच्या दृष्टीनं भरपूर होती. प्रथम मेहुणी सीटवरून चढून, आडवी होऊन, केस सावरत बाहेर पडली. मग बायको, एका झटक्यात, कापडातून सुई निघावी तशी. मग सासूबाई. त्यांना उलटं, पाय आधी असं काढावं लागलं. पूर्ण वेळ त्या एकच वाक्य बोलत होत्या, "लेकीच्या घरातून अशी बाहेर पडेन असं वाटलं नव्हतं!"

एकेक माणूस उतरताना गाडी जराशी हलायची आणि हलकेच उसासा टाकायची. मला वाटलं, मोकळी झाली बिचारी.

राहिले साडूभाऊ. त्यांनी पहिली सीट ओलांडली, दुसऱ्या सीटवर ढेरी टेकवली आणि तिथेच अडकले. ना इकडे, ना तिकडे. त्यांच्या पट्ट्याचं लोखंडी बक्कल माझ्या कोऱ्या सीटवरून खर्रर्र करत गेलं आणि पांढरी रेघ उमटली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, पोट घरी ठेवून यायचं होतं!"

मी कीर्तनाला पहिल्या रांगेत बसणारा माणूस. जीभ ताब्यात ठेवावी हे मी इतक्या बुवांच्या तोंडून ऐकलंय की त्यांच्या आधी मीच म्हणून दाखवीन. पण ऐकणारे कान आणि बोलणारं तोंड यांची माझ्या डोक्यात अजून ओळख झालेली नाही.

साडूभाऊंनी मागची सीट दोन्ही हातांनी धरली. श्वास आत ओढून, लाल होऊन, मुकाट बाहेर पडले. कपडे झटकले. मग मेहुणीकडे आणि सासूबाईंकडे वळून म्हणाले, "चला. पाहुणचार झाला."

"अहो भावजी, थांबा की, चहा..." बायको म्हणाली.

"नको ताई. अजून थोडा चहा घेतला तर फाटकातून जायचा नाही मी."

मेहुणी माझ्याकडे बघून म्हणाली, "भावजी, यंत्र चांगलं आहे हं तुमचं!" आणि तिघं बसथांब्याकडे चालू लागली. जावोत! माझं काय अडलं होतं? मी जिंकलो होतो.

"जिंकलात," बायको म्हणाली. "व्हरांडा माझा. आता बाहेर काढा, तीन वाजून गेलेत. मला नमुन्याची कॉलर लावायचीय आणि टेबल आत न्यायचंय."

"दहा मिनिटं!"

मी गिअर टाकला, मान वळवली, आणि गाडी रुबाबात मागे घेतली.

टण्ण!

"थांबा!" घड्याळजी किंचाळले.

गाडीच्या टपानं शटरला टक्कर दिली होती. घड्याळजींनी भिंग डोळ्यावर ओढलं, वर बघितलं, आणि कोंबडा आरवावा तसं जाहीर केलं, "टप शटरच्या वर आलाय! दीड इंच!"

"अशक्य!" मी म्हणालो. डिकीतून रांगत बाहेर आलो आणि फीत लावली. टप : सहा फूट अर्धा इंच. पुन्हा लावली. सहा फूट अर्धा इंच. "शटर खाली आलं असणार!" शटर मोजलं. पाच फूट अकरा. "मग जमीन वर आली असेल!"

"साहेब," घड्याळजी म्हणाले, "माणसं उतरली ना."

"मग?"

"मग स्प्रिंग सुटली. माणसं असताना दबलेली होती."

"तुमच्या घड्याळात माणसं बसतात का? तुम्हाला काय कळतं गाडीतलं!"

"माणसं नाही बसत," ते नम्रपणे म्हणाले, "पण स्प्रिंग असते."

अंगणातून मशीनची टकटक थांबली. बायको वर न बघता म्हणाली, "म्हणजे काल तुम्ही आम्हाला मोजलंत. गाडीला नाही."

मी गाडीला लाथ मारली. लाथ मलाच लागली.

"मागच्या चाकांतली हवा सोडा," ती म्हणाली. "खाली बसेल."

नव्या गाडीच्या चाकांतली हवा, म्हणे सोडा! असले सल्ले शिवणकाम करणाऱ्या माणसांनाच सुचतात. उसवलं की सगळं मोकळं. पाच मिनिटं मी तिची मनातल्या मनात यथेच्छ टिंगल केली आणि मग हवा सोडली. मागच्या दोन चाकांची. पुढच्या चाकांपर्यंत भिंत आणि गाडी यांच्यामधून घड्याळजीसुद्धा शिरत नव्हते, आणि ते म्हणजे काडी आहेत!

गाडी मागून बसली. मी आत शिरलो, रांगत, आणि मागे घेतली. मागचा टप शटरखालून सुटला! "येऊ द्या! येऊ द्या!" आणि बरोबर अर्ध्या वाटेवर, जिथे टप सगळ्यात उंच, तिथे...

क्र्रर्रर्र!

आता गाडी पुढेही जाईना, मागेही येईना. निम्मी घरात, निम्मी अंगणात. डब्याचं झाकण उघडल्यासारखं गॅरेजचं तोंड वासलेलं, आणि त्यात हा काळा हत्ती दाराच्या चौकटीत पाचर मारल्यासारखा! चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

मी अंगणात आलो. बायको मशीनवर बसली होती, उन्हानं डोळे बारीक करून. पांढरा गणवेश मांडीवर. तिच्या सुईतला दोरा तुटला. तिनं पुन्हा ओवला. पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तुटला. मी तिला तीस वर्षं ओळखतो. तिचा दोरा तुटत नाही.

"मेट्रनबाईंना सांगू, थोडी दुरुस्ती चाललीय," मी म्हणालो.

"काय सांगू? की जागा आहे, पण तिच्यात गाडी अडकलीय?" तिनं दोरा दातानं तोडला. "अकरा वर्षांत मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली. पाच वाजेपर्यंत ती जागा. बाकी सगळं ठेवा तुमचं."

ती ओरडली असती तर मी ओरडलो असतो, आणि आमचं भांडण झालं असतं, आणि मला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही.

मी बसथांब्याकडे पळालो.

बस आली नव्हती. रविवारच्या बसला माझी दया आली असावी. बाकावर तिघं बसली होती, आणि मला बघताच तिघांनीही एकदम विरुद्ध दिशेला मान वळवली, जणू तिकडून बस येणार होती. बस तिकडून येत नाही.

"साडूभाऊ," मी धापा टाकत म्हणालो, "जरा काम होतं."

"कसलं?"

"वजनाचं."

साडूभाऊंनी सावकाश मान वळवली. "म्हणजे मला बोलवायला आलात, की माझ्या पोटाला?"

"दोघांना," मी म्हणालो. मग काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, "मी मघाशी बोललो ते घाण बोललो. गाडी निम्मी बाहेर अडकलीय. मेट्रनबाई पाचला येणार. तिचं काम जाईल."

"ताईचं?" मेहुणी उठून उभी राहिली.

"आधी हे सांगायचं नाही का, जावईबापू?" सासूबाई म्हणाल्या. "वजनाचं काय घेऊन बसलात!"

साडूभाऊ उठले आणि माझ्यापुढे चालू लागले. त्या आकाराच्या माणसाच्या मानानं फारच भरभर. तेवढ्यात मागून बस आली आणि रिकामीच निघून गेली.

अंगणात पोचल्याबरोबर साडूभाऊंनी एक डोळा मिटला आणि शटरकडे बघितलं. माझी जीभ शिवशिवली. मी ती दातांखाली धरली.

"पुढून उचललीय. वजन पुढे पाहिजे," ते म्हणाले. "आई मधल्या सीटवर. ही तिच्याशेजारी. मी पुढे."

मागची दारं आता बाहेर आली होती, त्यामुळे ती नीट उघडत होती. सासूबाई आणि मेहुणी राजमार्गानं आत गेल्या. साडूभाऊ मात्र मधल्या सीटवरून पुढच्या सीटवर सरकू लागले, आणि पट्टा त्यांनी आधीच काढून खिशात घातला होता! शेवटी आम्ही दोघं पुढे शेजारी शेजारी, खांद्याला खांदा, नव्हे, त्यांच्या खांद्याखाली माझा खांदा. गाडी खाली बसली. किती सुंदर बसली!

"घड्याळजी, किती?"

भिंगवाला डोळा शटरखाली गेला. "अजून दोन सूत टेकलंय!"

"तुम्ही बसा!"

"मी बसलो तर बघणार कोण? आणि माझ्यानं अर्धं सूतही होणार नाही."

"अगं!" मी खिडकीतून हाक मारली. "पाच मिनिटं ये! काल तू आत होतीस, तूच कमी पडतेयस!"

"मी उठणार नाही," अंगणातून उत्तर आलं. "कॉलर राहिलीय."

"तुझी छोटी बहीणही म्हणतेय, ताई ये गं!" मी पुन्हा ओरडलो.

"छोटीला म्हणावं, तिनं दोन सूत जास्त जेवायला हवं होतं."

आणि त्याच वेळी फाटक वाजलं. पाचला दहा मिनिटं कमी असताना!

मेट्रनबाईंना मी कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखायला वेळ लागला नाही. ताठ, भरभक्कम बाई. छातीवर उलटं लावलेलं छोटं घड्याळ, आणि चाल अशी की आख्खा वॉर्ड उठून बसावा. त्यांनी अंगणातल्या मशीनकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, मग दारात अडकलेल्या गाडीकडे आणि तिच्यात भरलेल्या आम्हा चौघांकडे.

"रुग्ण कोण?" त्यांनी विचारलं.

"गाडी," घड्याळजी म्हणाले.

बायको उठली. गणवेश तिच्या हातात होता आणि तोंड सुकलं होतं. "या. नमुना तयार आहे. जागा... जागा या गाडीच्या पलीकडे आहे. तिला बाहेर काढायला वजन कमी पडतंय."

"किती?"

"दोन सूत," मी आतून म्हणालो.

"मला सूत कळत नाही. एक माणूस पुरेल?"

"पुरेल," साडूभाऊ म्हणाले. एक डोळा मिटून!

मेट्रनबाईंनी पर्स बायकोच्या हातात दिली, मागचं दार उघडलं, आणि सासूबाईंना म्हणाल्या, "सरका." आख्ख्या आयुष्यात सासूबाई कुणाच्या सांगण्यावरून सरकलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. सरकल्या!

गाडी खाली गेली.

"सुटलं!" घड्याळजी नाचायला लागले. "सुटलं! येऊ द्या!"

मी गिअर टाकला. टप आणि शटर यांच्यामधून दिवसाच्या उजेडाची एक बारीक फट, केसभर, होय, केसभरच, सरकत गेली, आणि बसक्या चाकांवर लंगडत आमचा हत्ती अंगणात आला. आत सासूबाई, मेहुणी, मेट्रनबाई यांनी टाळ्या वाजवल्या. साडूभाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली. पाठ दोन दिवस दुखत होती, पण ते असो.

मेट्रनबाई उतरल्या, पदर सारखा केला, आणि गॅरेजासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आत काहीच नव्हतं. झाडलेली फरशी, दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंती, समोरून येणारा संध्याकाळचा उजेड. जे गॅरेज गाडीच्या मापानं गुदमरत होतं, ते रिकामं असं मोठं दिसत होतं की मलाच क्षणभर ओळखू येईना!

त्यांनी बायकोच्या हातातला गणवेश घेऊन उलटा केला, शिवण ओढून पाहिली, कॉलरवरून अंगठा फिरवला. मग गॅरेजाकडे पुन्हा बघितलं.

"दोन मशीन आहेत?"

"हो," बायको म्हणाली.

"इथे चार बसतील. भिंतीला लागून. नर्सांचे घेताच आहात, तर वॉर्डच्या चादरी आणि पडदेही घ्या. दोन बायका मदतीला ठेवा." मग त्या थांबल्या आणि अंगणातल्या गाडीकडे वळून बघितलं. "पण ही जागा रोज रिकामी मिळणार ना? मला मधेच थांबलेलं काम चालत नाही."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मेहुणी माझ्याकडे बघत होती. घड्याळजींनी तर भिंगच माझ्यावर रोखलं होतं!

"मिळणार," मी म्हणालो. "गाडी दुसरीकडे ठेवतोय. आधीच ठरलंय."

"कुठे?" बायकोनं विचारलं. आवाज अगदी साधा. पण त्या एका शब्दात तिचा दोरा अखेर सुईत ओवला गेल्यासारखं मला वाटलं.

मी कुठे ते ठरवलेलंच नव्हतं.

"आमच्या वखारीत," साडूभाऊ म्हणाले. "तिथे ओंडक्यांच्या शेजारी हत्तीला काय जागा कमी?"

तर सज्जनहो, आज गॅरेजात चार मशीन चालतात, आणि मी कार्यालयातून आलो की बायका मला गणवेशांची बटणं मोजायला बसवतात. गाडी वखारीत असते. साडूभाऊ तिला रोज धुतात, सासूबाई गार हवेत गुडघा घेऊन बसतात, आणि आठवड्यातून तीनदा तरी ती मंडळी तिच्यातून हिंडायला जातात. मी रविवारी बसनं जाऊन तिला पुसून येतो. चालवायची असली तर साडूभाऊंना आधी विचारावं लागतं. ते सहसा नाही म्हणत नाहीत. माणूस तसा सोन्यासारखा आहे.

एवढं मात्र त्यांना कुणी सांगू नका. माणूस मुळातच वजनदार, त्यात स्तुतीनं आणखी फुगला तर स्प्रिंगा माझ्या गाडीच्या जातील.